खडकांची खबर आणि धाग्यांची बक्षिसे

हार्बर मार्गावरून प्रवास करणाऱ्या मुंबईकराला कॉटन ग्रीन हे स्थानक चांगले ठाऊक आहे. मात्र तेथे आज ना कापसाचा बाजार आहे, ना हिरवे मैदान. हे नाव मूळचे तेथले नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापसाचे गठ्ठे फोर्ट भागात, सेंट थॉमस चर्चसमोरच्या 'ग्रीन' नावाच्या मोकळ्या जागेत रचले जात. १८४४ साली हा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला आणि त्याच्याबरोबर नावही गेले. पुढे विसाव्या शतकात बाजार शिवडीस आला, तेव्हा त्या नावाने पुन्हा एकदा बिऱ्हाड हलविले.

कुलाब्याच्या त्या जुन्या दिवसांत मात्र एक मजेचा योग जुळून आला होता. एकीकडे कापसाच्या गठ्ठ्यांचे डोंगर आणि त्याच बेटाच्या दक्षिण टोकाकडे समुद्रावर नजर ठेवणारा दीपस्तंभ. जवळच १८२६ साली उभी राहिलेली वेधशाळा. परदेशी जाणारा धागा आणि तो नेणाऱ्या जहाजाला वाट दाखविणारा दिवा, दोन्ही हाकेच्या अंतरावर. सरकारी कागदपत्रांतही हीच शेजारघरे दिसतात. 'बॉम्बे गव्हर्न्मेंट गॅझेट' १८३१ साली सुरू झाले. गॅझेट म्हणजे सरकारी राजपत्र. नेमणुका, बदल्या, लिलाव, कायदे असा सारा रुक्ष मजकूर त्यात असायचा. त्यातच दर्यावर्दींसाठी सूचना छापल्या जात: अमुक ठिकाणी नवा दिवा लागला, तमुक बोया वाहून गेला, या जागी पाण्याखाली खडक आढळला. आणि वसाहतकाळातल्या अशाच सरकारी पत्रकांतून दुसऱ्या प्रकारच्या घोषणाही निघत: अमुक वनस्पतीचा तंतू स्वस्तात काढून देणारे यंत्र जो करील त्यास इतके इनाम.

वरवर पाहता या दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हींचा धनी एकच होता आणि हेतूही एकच: हिंदुस्थानातला माल सुखरूप आणि स्वस्तात इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचावा. फरक पडला तो निकालात. समुद्रावरच्या सूचनांची पद्धत इतकी यशस्वी झाली की साम्राज्य गेले तरी ती तशीच चालू राहिली. धाग्यांच्या उत्तेजनाचे प्रयोग मात्र बहुतेक फसले. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

समुद्राची गोष्ट आधी पाहू. जेम्स हॉर्सबर्ग हा स्कॉटलंडमधला एक खलाशी. १७८६ च्या मे महिन्यात 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजावर तो पहिला अधिकारी होता. जहाज बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, सिलोनकडे निघाले होते. जवळच्या नकाशात चूक होती आणि त्या चुकीपायी जहाज हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर जाऊन फुटले. हॉर्सबर्ग वाचला. पुढची अनेक वर्षे तो हिंदुस्थान आणि चीन यांच्यामधल्या व्यापारी जहाजांवर होता. मुंबईतून चीनला जाणारा त्या काळचा मुख्य माल म्हणजे कापूसच. या सफरींत त्याने एक व्रत घेतल्यासारखे केले. दिसेल तो खडक, सापडेल ती खोली, प्रवाहाची दिशा, वायुभारमापकाचा आकडा, सारे टिपून ठेवायचे. या नोंदींतूनच १८०९ पासून त्याचे जहाजमार्गांचे मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि १८१० साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला जलालेखक नेमले. त्याच्या मृत्यूनंतर कँटनच्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन निधी उभारला आणि सिंगापूरजवळच्या एका खडकावर १८५१ साली त्याच्या नावाचा दीपस्तंभ उभा राहिला. आपल्या अपघाताचा असा उपयोग करणारी माणसे विरळाच.

ब्रिटिश नौदलाचे जलालेखन कार्यालय १७९५ साली स्थापन झाले होते. पण नकाशा छापला की तो जुना होऊ लागतो, ही त्यातली खरी अडचण. वाळूचे दांडे सरकतात, नद्या गाळ आणतात, बोये साखळी तोडून निघून जातात. दर वेळी नवा नकाशा छापणे परवडणारे नव्हते. त्यावर उपाय म्हणून १८३४ पासून ब्रिटिश नौदलाने दर्यावर्दींसाठी सूचना काढण्यास सुरुवात केली. जहाजाच्या अधिकाऱ्याने सूचना वाचायची आणि आपल्या नकाशावर स्वतःच्या हाताने, शाईने दुरुस्ती करायची.

या सूचनांची भाषा वाचनीय नाही, पण तिच्यात एकही शब्द वाया जात नाही. दिवा असेल तर तो स्थिर की फिरता, कोणत्या रंगाचा, किती मैलांवरून दिसतो. खडक असेल तर कोणत्या दोन खुणांपासून होकायंत्राने कोणत्या अंशावर. खोली असेल तर ती उधाणाच्या ओहोटीची, म्हणजे पाणी सर्वांत कमी असतानाची. भांगाच्या ओहोटीला पाणी इतके खाली जात नाही. तेव्हा मोजलेल्या खोलीवर विसंबणाऱ्याचे तारू पुढच्या अमावास्येला खडकावर बसायचे. दिशा होकायंत्राच्या आहेत, हेही स्पष्ट लिहिलेले असे, आणि त्या काळी चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती ढळली होती तेही. कारण हे ढळणे दरवर्षी थोडे थोडे बदलते.

ते मोजण्याचे काम कुलाब्याच्या वेधशाळेतही चाले. त्याची एक गंमत सांगण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय मोजमापे बिघडणार हे उघड झाले. म्हणून १९०४ साली अलिबागेत नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. ट्राम आल्या आणि गेल्या. अलिबागची वेधशाळा आजही काम करते आहे.

मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन धोके. उत्तरेस कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात घुसलेला प्राँग्ज नावाचा खडकाळ दांडा आणि दक्षिणेस थळच्या बाजूचे खडक. १८६७ साली खांदेरीवर दीपस्तंभ उभा राहिला. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये जेथे किल्ला बांधण्यास घेतला आणि ज्यावरून मराठे, इंग्रज आणि सिद्दी यांच्यात झुंज झाली, तेच हे बेट. १८७५ मध्ये प्राँग्जच्या दांड्यावर थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याच्या देखरेखीखाली उंच मनोरा बांधून पूर्ण झाला आणि कुलाब्याचा जुना दिवा निवृत्त झाला. दरम्यान १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांऐवजी वेळापत्रकाने धावणाऱ्या आगबोटी वाढल्या. वेळापत्रक पाळायचे म्हणजे रात्रीही बंदरात शिरता आले पाहिजे. १८७४ साली कलकत्त्यास सागरी सर्वेक्षणाचे स्वतंत्र खातेही निघाले. वादळाच्या इशाऱ्यांची पद्धत त्याआधीच, १८६४ च्या भीषण चक्रीवादळानंतर, कलकत्ता बंदरात सुरू झालेली होती.

ही व्यवस्था सर्वांसाठी सारखी नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. इंग्रजीतली सूचना वाचून कोकणातला तांडेल गलबत हाकीत नव्हता. त्याची विद्या वेगळी होती. पाण्याचा रंग, तळाशी सोडलेल्या शिशाच्या वजनाला चिकटून आलेली वाळू की चिखल, किनाऱ्यावरच्या कोणत्या डोंगरामागून कोणते देऊळ दिसू लागले, यांवर तो चाले. खोली तो वावांत मोजी. आणि पावसाळ्यात तो समुद्रावर जातच नसे; नारळी पौर्णिमेपर्यंत गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. पण दिवा लागला की तो सर्वांनाच दिसतो. खांदेरीच्या दिव्याने मुंबईच्या आगबोटीला वाट दाखविली आणि रेवदंड्याच्या मचव्यालाही.

आता दुसरी बाजू. सरकारला धाग्यांचे एवढे वेड का होते? त्याचे उत्तरही जहाजातच आहे. शिडाच्या जहाजाला मैलोन्मैल दोर लागे आणि हा दोर अंबाडीचा नव्हे, रशियातून येणाऱ्या हेंपचा असे. नेपोलियनच्या युद्धांत हा पुरवठा धोक्यात आला, १८५४ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात तर शत्रूच रशिया होता. म्हणून कंपनीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानातले ताग, अंबाडी, घायपात, केळीचे सोपट असे जे दिसेल त्याचे दोर वळून, वजने टांगून, कोणता कधी तुटतो ते पाहिले. विल्यम रॉक्सबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी असे कितीतरी प्रयोग केले. फोर्ब्स रॉईल यांचा हिंदुस्थानातील तंतुवनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ १८५५ सालचा, म्हणजे ऐन क्रिमियन युद्धातला आहे, हा योगायोग नव्हे.

आणि दोरांपेक्षा मोठी भूक होती ती लँकेशायरच्या गिरण्यांची. त्यांचा बहुतांश कापूस अमेरिकेतून येई. एकाच देशावर असे अवलंबून राहणे धोक्याचे आहे, हे त्यांना कळत होते. म्हणून १८४० साली कंपनीने दहा अमेरिकी मळेवाल्यांना पगार देऊन हिंदुस्थानात आणले. त्यांनी अमेरिकी बियाणे पेरले, अमेरिकी पद्धतीची सरकी काढण्याची यंत्रे बसविली. गुजरात, बुंदेलखंड, मद्रास इलाखा, बहुतेक ठिकाणी पदरी निराशा आली. धारवाडच्या काळ्या जमिनीत मात्र न्यू ऑर्लिन्सचे बियाणे रुजले आणि 'धारवाड-अमेरिकन' ही जात बाजारात मानाने विकली जाऊ लागली. संपूर्ण मोहिमेची ही एवढीच ठळक कमाई.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मुंबईचे भाग्य उघडले, ही कथा प्रेमचंद रायचंद आणि बॅकबेच्या शेअरांमुळे सर्वश्रुत आहे. तिचा गावाकडचा भाग कमी सांगितला जातो. भाव चढताच कापसात भेसळ वाढली. सरकी, माती, दगड, वजन वाढविण्यासाठी पाणी. लँकेशायरमधून ओरड झाली आणि मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील भेसळीविरुद्ध खास कायदा केला. निरीक्षक नेमले, गठ्ठ्यांवर शुल्क बसविले, शिक्षा ठेवल्या. कापूस आयुक्त हे नवे पद निर्माण झाले. खानदेशात शेतकऱ्याच्या वऱ्हाडी बियाण्याऐवजी लांब धाग्याचे हिंगणघाटी बियाणे पेरले जावे, यासाठी या खात्याने जंग जंग पछाडले.

शेतकरी ऐकेना. अधिकाऱ्यांनी त्याला अडाणी, हेकट ठरविले. त्याचा हिशेब मात्र साधा होता. वऱ्हाडी जात आखूड धाग्याची खरी, पण एकरी जास्त पिकायची, लवकर हाती यायची, पावसाने दगा दिला तरी काहीतरी पदरात टाकायची. लांब धाग्याला गिरणीत जो जादा भाव मिळे, तो सावकार, अडत्या, दलाल अशा साखळीतून त्याच्या हाती पोहोचतच नसे. मग धोका त्याने का पत्करावा? भेसळीचा कायदा तर ज्यांच्या हितासाठी केला त्या व्यापाऱ्यांनाच जाच वाटू लागला. माल पारखून भाव करणे हे आमचे काम, निरीक्षकांचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. १८८० च्या दशकात ही व्यवस्था मोडीत निघाली.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली आणि तीच सर्वांत महाग पडली. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले. मुंबईत सट्टेबाजांचे दिवाळे वाजले, त्याच्या बातम्या झाल्या. पण चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेल्या शेतकऱ्यापुढे एक न दिसणारा खडक उभा होता, त्याची खबर त्याला कोणी दिली नव्हती. प्राँग्जच्या दांड्याची खोली फुटाफुटाने छापणाऱ्या सरकारने या उताराचे कोणतेही मोजमाप त्याच्यापर्यंत पोहोचविले नाही. उलट तेजीच्या काळातली समृद्धी कायमची मानून काही ठिकाणी जमीनमहसूल वाढविण्यात आला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या दख्खनच्या दंग्यांमागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते.

खामगावचे उदाहरण थोडे वेगळे पडते. वऱ्हाडातली ही मोठी कापूसपेठ. तेथे सरकारने रेल्वेचा फाटा नेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्‌घाटनास आले. बियाणे कोणते पेरा हे रुळांनी सांगितले नाही, माल बाजारात पोहोचविला इतकेच. वऱ्हाडचा कापूस त्यानंतर वाढतच गेला. त्याचा फायदा कोणाला किती झाला हा निराळा, आणि आजही न सुटलेला प्रश्न आहे.

बक्षिसांची खरी कहाणी मात्र कापसाची नाही, ती रियाची. रिया म्हणजे बिच्छूच्या झाडाच्या कुळातली, पण खाज न आणणारी एक वनस्पती. चिनी गवत, रॅमी ही तिचीच नावे. तिचा तंतू रेशमासारखा चमकदार आणि कमालीचा चिवट. भिजल्यावर त्याची ताकद उलट वाढते. आसामातले मच्छीमार झोपडीभोवती तिची चार रोपे लावीत आणि साल सोलून मासेमारीच्या जाळ्यांसाठी सूत काढीत. हे सूत लंडनला पोहोचले आणि तेथल्या तज्ज्ञांचे डोळे चमकले. अडचण एकच होती. ताग किंवा अंबाडी पाण्यात कुजत घातली की साल आपोआप सुटते, हे आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे. रियाच्या सालीतला डिंक तसा विरघळत नाही. ती हिरवी असतानाच हाताने सोलावी, खरवडावी लागते. चीनमध्ये हे काम घरोघरी हातांनी होई.

हिंदुस्थान सरकारने १८७० च्या जानेवारीत जाहीर केले की, जो कोणी यंत्राने हे काम करून दाखवील त्यास ५,००० पौंड दिले जातील. अट अशी की, इंग्लंडच्या बाजारात टनाला निदान ५० पौंड भाव येईल असा तंतू निघावा आणि हिंदुस्थानातल्या बंदरात तो पोहोचेपर्यंतचा खर्च टनाला १५ पौंडांहून जास्त नसावा. १८७२ साली सहारनपूरला चाचणी झाली. स्पर्धक आला एकच, एडिंबराचा ग्रेग. त्याचे यंत्र अटींत बसले नाही. प्रयत्नाबद्दल त्याला १,५०० पौंड देण्यात आले. १८७७ मध्ये पुन्हा घोषणा झाली. या वेळी पहिले बक्षीस ५०,००० रुपयांचे आणि दुसरे १०,००० रुपयांचे. १८७९ च्या पावसाळ्याअखेर सहारनपुरातच दुसरी चाचणी झाली. या खेपेस स्पर्धक अनेक होते. यंत्रे फिरली, दांडे पिळले गेले, परीक्षकांनी तंतू तोलले. पुन्हा कोणीही पात्र ठरले नाही. काहींना उत्तेजनार्थ रकमा देऊन प्रकरण संपविण्यात आले आणि १८८१ साली ही बक्षीस योजनाच मागे घेण्यात आली.

बक्षिसाची रक्कम कमी होती असे नव्हे. चूक प्रश्न मांडण्यातच झाली असावी, असे आज वाटते. सरकारने भाव ठरविला, खर्च ठरविला, मात्र त्या आकड्यांना आधार होता तो इच्छेचा. रियाला वर्षातून अनेक कापण्या लागतात, त्यासाठी भरपूर खत आणि पाणी लागते. झोपडीमागच्या परसात भांडी धुतल्याच्या पाण्यावर ती फोफावते, म्हणून शेकडो एकरांवर ती तशीच वाढेल असे नाही. आसामच्या मच्छीमाराला स्वतःच्या जाळ्यापुरते सूत हवे होते. त्याच्या मजुरीचा हिशेब कोणी टनात करीत नव्हते.

आणि याच काळात, कोणतेही इनाम न लावता, बंगालचा ज्यूट जगभर पोहोचला. १८३० च्या दशकात डंडीच्या गिरण्यांना व्हेल माशाच्या तेलाने तो मऊ करून कातता येतो हे कळले. १८३८ मध्ये डच सरकारने जावाच्या कॉफीसाठी ज्यूटच्या गोण्यांची मागणी नोंदविली. क्रिमियन युद्धाने रशियाचा माल बंद करताच बंगालच्या शेतकऱ्याने ज्यूटचा पेरा वाढविला. तो त्याच्या ओळखीचा होता, कुजविण्याचे तंत्र त्याच्या हातचे होते आणि गोणी तर जगाला हवीच होती.

पुढे धाग्याच्या बाबतीतही सरकारला मोजण्याचे महत्त्व कळले, पण त्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२४ साली मुंबईत माटुंग्याला तिची तांत्रिक प्रयोगशाळा सुरू झाली. कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या कापसाचा धागा किती लांब, किती बारीक, किती ताणाला तुटतो, त्याचे सूत कितीचे निघते, हे तेथे मोजून प्रसिद्ध केले जाऊ लागले. व्यापाऱ्याच्या बोटांच्या पारखीला आकड्यांची जोड मिळाली. कापूस तंत्रज्ञानाची ही केंद्रीय संस्था आजही माटुंग्यातच आहे. रियाचे संशोधनही थांबलेले नाही. आसामातल्या सोरभोग येथे त्यासाठी केंद्र आहे. डिंक काढण्याची अडचण मात्र आजही खर्चाची बाब राहिली आहे.

दर्यावर्दींच्या सूचना आता डेहराडूनहून निघतात. समुद्रापासून इतक्या दूर, हिमालयाच्या पायथ्याशी हे कार्यालय कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. नौदलाचे जलालेखन कार्यालय १९५४ साली तेथे हलविण्यात आले आणि १९९७ पासून ते राष्ट्रीय जलालेखन कार्यालय म्हणून ओळखले जाते. दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेस नवी सूचनापत्रिका निघते. नकाशे संगणकावर आले, उपग्रह आले, तरी मजकुराची धाटणी हॉर्सबर्गला ओळखू येईल अशीच आहे: अमुक अक्षांश, अमुक रेखांश, बुडालेले जहाज, वरची खोली इतकी, स्थान अंदाजे. त्यातला 'अंदाजे' हा शब्दही नियमाने ठरलेला आहे. स्थान नक्की माहीत नसेल तर तसे लिहावेच लागते.